लाल दुवा निळा करताना: मराठी विकिपीडियावर शास्त्रज्ञ स्त्रियांचे लेख लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

१९३९ साली केंब्रिज विद्यापीठाने पीएच.डी. दिली ती कमला भागवत यांना. १९४७ मध्ये लग्न झाले आणि त्या कमला सोहोनी झाल्या. आज आपण त्यांना याच नावाने ओळखतो. दुर्गा भागवतांच्या बहीण, एवढी जादा माहिती मराठी वाचकाकडे असते. पण ज्या शोधनिबंधांच्या जोरावर त्या शास्त्रज्ञ ठरल्या, त्यांतले सुरुवातीचे निबंध 'भागवत' या नावाने छापलेले आहेत, आणि इंग्रजीत त्यातला 'व' डब्ल्यूने नव्हे तर व्हीने लिहिलेला आहे. 'सोहोनी' असे शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत आणि 'भागवत' असे शोधणाऱ्याला पुढचे आयुष्य सापडत नाही. एका बाईचे असे दोन तुकडे होतात. ते जोडायला कोणी पगारी माणूस नेमलेला नाही. तुम्हीआम्हीच ते करायचे आहे.

मी गेली काही वर्षे वेळ मिळेल तसे मराठी विकिपीडियावर लिहिते. माझा पहिला लेख दोन दिवसांत उडाला होता, आणि तो उडाला हे बरेच झाले. का, ते पुढे येईलच. हे काम आज सुरू करणारीला किंवा करणाऱ्याला माझ्यासारखे चाचपडावे लागू नये म्हणून हे टिपण. विकिपीडियावर लेख नसलेला शब्द लाल दिसतो आणि लेख झाला की निळा होतो. इंग्रजी विकिपीडियावर २०१५ साली रोझी स्टीफन्सन-गुडनाइट आणि रॉजर बॅमकिन यांनी 'विमेन इन रेड' हा उपक्रम सुरू केला, त्याचे नाव या लाल दुव्यांवरूनच आले. तेव्हा तिथल्या चरित्रलेखांत स्त्रियांचे लेख सुमारे १५ टक्के होते, आता ते २० टक्क्यांच्या आसपास आहेत. शेकडो लोकांनी इतकी वर्षे खपून पाच टक्के. वेग असा असतो, हे ध्यानात ठेवूनच हात घाला.

आधी खाते, मग धूळपाटी

मराठी विकिपीडियाच्या कोणत्याही पानावर वर 'खाते तयार करा' असे दिसते. सदस्यनाव आणि पासवर्ड एवढेच लागते. ईमेल ऐच्छिक असला तरी तो द्या, नाहीतर पासवर्ड विसरल्यावर खाते गेले म्हणून समजा. सदस्यनाव खरे असायलाच हवे असे नाही. मुलींना मी उलटेच सांगते: पूर्ण नाव, कॉलेज, गाव असे काही सदस्यपानावर लिहू नका. कधीतरी कोणीतरी वाकडे बोलणारा भेटतो. अमेरिकेतल्या एमिली टेंपल-वूड यांनी २०१२ साली इंग्रजी विकिपीडियावर शास्त्रज्ञ स्त्रियांचा प्रकल्प सुरू करण्यात पुढाकार घेतला, तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. त्यांना घाणेरडे ईमेल येत. दर ईमेलमागे एका शास्त्रज्ञ स्त्रीवर लेख लिहायचा, असे त्यांनी ठरवून टाकले. बाणा चांगलाच आहे, पण आपला पत्ता मुळातच न देणे सोपे.

खाते झाले की तुमची स्वतःची 'धूळपाटी' उघडा. जुन्या शाळांत मुले धूळ पसरलेल्या पाटीवर अक्षरे गिरवत आणि पुसत, ती ही. इथे काहीही लिहिले, मोडले, बिघडवले तरी कोणी रागावत नाही. टंकलेखनाची सोय विकिपीडियाच्याच चौकटीत आहे. कंट्रोल आणि एम एकत्र दाबले की देवनागरी चालू-बंद होते, आणि अक्षरांतरण किंवा इनस्क्रिप्ट यांतली सवयीची पद्धत निवडता येते. बहुतेक जण फोनवरूनच येतात हे मला माहीत आहे. छोट्या दुरुस्त्या फोनवर होतात, पण आख्खा लेख लिहायला शक्य तर संगणक घ्या.

पहिल्या आठवड्यात नवा लेख नको

हा सल्ला कोणालाच आवडत नाही. पण कोऱ्या खात्याने पहिल्याच दिवशी टाकलेला लेख जाहिरातीच्या संशयाने वाचला जातो. त्यापेक्षा आधी असलेले लेख उघडा आणि त्यांत एकेक संदर्भ घाला. जन्मतारीख बिनसंदर्भाची दिसली तर शोधून तिच्यामागे संदर्भ लावा. 'थोर', 'महान', 'अष्टपैलू' अशी विशेषणे दिसली तर काढा. शुद्धलेखन सुधारा. प्रत्येक वेळी बदलाचा सारांश लिहायची चौकट येते, तिथे 'जन्मवर्षाला संदर्भ जोडला' असे चार शब्द लिहा. आठ-दहा अशी कामे झाली की 'इतिहास' आणि 'चर्चा' ही पाने कशी चालतात ते आपोआप कळते. चर्चा पानावर लिहिल्यावर शेवटी चार टिल्ड चिन्हे (~~~~) टाकली की तुमची सही उमटते. काही अडले तर 'चावडी' नावाचे पान आहे. नाव अगदी नेमके ठेवले आहे. तिथे विचारा, जाणती माणसे उत्तर देतात.

कोणावर लिहायचे

पहिला नियम असा की आपल्या गाइड मॅडम, आपली मावशी, आपल्या कॉलेजच्या प्राचार्या यांच्यावर लिहायचे नाही. त्या खरोखर मोठ्या असतील, पण तुम्ही त्यांच्याबद्दल तटस्थ नाही. फारच वाटत असेल तर चर्चा पानावर नाते सांगून संदर्भ देऊन ठेवा, लेख दुसरे कोणी करील. हयात व्यक्तींच्या बाबतीत तर जास्तच जपून. संदर्भ नसलेले एकही वाक्य तिथे नको. माझा सल्ला असा की सुरुवात दिवंगत शास्त्रज्ञांपासून करा, कारण त्यांचे मृत्युलेख आणि स्मरणलेख छापून आलेले असतात.

दुसरे म्हणजे लेख आधीच आहे का ते नीट शोधा, आणि सगळ्या नावांनी शोधा. कमल रणदिवे माहेरच्या समर्थ, इरावती कर्वे माहेरच्या करमरकर, सुलोचना गाडगीळ माहेरच्या फाटक. आनंदी जोशी माहेरच्याही जोशीच, पण तिथे यमुना. शिवाय अक्षरांचा घोळ आहेच. हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांचे नाव ॲना, अ‍ॅना, अ‍ॅन्ना, अन्ना असे चार तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे. त्यातला 'ॲ' हे एकसंध अक्षर, आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेले 'अ‍ॅ' हे संगणकाच्या लेखी वेगळे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला दिसत नाहीत. त्यामुळे एकाच बाईंवर दोन लेख तयार होण्याची शक्यता इथे इतर कुठल्याही विषयापेक्षा जास्त.

या टिपणात ज्यांची नावे घेते आहे त्यांच्यावर नवा लेख करायला धावू नका. त्या मुद्दाम ओळखीच्या घेतल्या आहेत, हात बसवायला. लाल दुवे तुमच्या जवळपास सापडतील: कृषी विद्यापीठात वाण विकसित करणाऱ्या, वेधशाळेत आयुष्य काढलेल्या, वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मात्र निवडीची कसोटी 'मला त्या मोठ्या वाटतात' ही नाही. 'त्यांच्याशी संबंध नसलेल्या लोकांनी त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहून छापले आहे का' ही आहे. विकिपीडियाच्या बोलीत याला उल्लेखनीयता म्हणतात.

संदर्भ: सगळे इथे अडते

२ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडाच्या डोना स्ट्रिकलँड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. मेरी क्युरी (१९०३) आणि मारिया गेपर्ट मायर (१९६३) यांच्यानंतर या विषयात नोबेल मिळालेल्या त्या तिसऱ्याच. त्या दिवशी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेख नव्हता. कोणी लिहिलाच नव्हता असे नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये एकाने मसुदा सादर केला होता आणि मे महिन्यात तो परत आला, कारण दिलेले संदर्भ पुरेसे नव्हते. जगभर ओरड झाली. परत पाठवणारा नियमाने चुकला नव्हता, पण आधीच कमी लिहिल्या गेलेल्या माणसांचे संदर्भही कमी असतात, ही या नियमातली गोम आहे. नियम बदलणे आपल्या हातात नाही, संदर्भ हुडकणे आहे. म्हणून वेळेचा हिशेब असा ठेवा: चार तास शोध, एक तास लेखन.

कुठे शोधायचे? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली रोहिणी गोडबोले आणि राम रामस्वामी यांच्या संपादनाखाली 'लीलावतीज डॉटर्स' हे शंभरेक भारतीय शास्त्रज्ञ स्त्रियांवरचे पुस्तक काढले. सुरुवात तिथून करा. एक खोच मात्र लक्षात ठेवा. त्यातले बरेच लेख त्या त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच लिहिलेले आहेत. बालपण, शिक्षण, कोणाकडे संशोधन केले, यांसाठी ते उत्तम. 'त्यांचे संशोधन महत्त्वाचे ठरले' या वाक्याला मात्र ते चालत नाहीत, कारण तसे दुसऱ्या कोणी म्हणायला हवे. 'करंट सायन्स' आणि 'रेझोनन्स' या नियतकालिकांत स्मरणलेख येतात. मराठीत मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, १९२८ पासून निघत आलेले 'सृष्टिज्ञान' आहे, मराठी विश्वकोशातल्या नोंदी आहेत. पद्म पुरस्कारांच्या याद्या सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. 'शोधगंगा'वर प्रबंध आहेत, पण प्रबंध त्या व्यक्तीने काय केले हे सांगतो, ते किती मोलाचे हे सांगत नाही.

एक गैरसमज नवख्यांना हमखास असतो: संदर्भ इंटरनेटवरच हवा. मुळीच नाही. १९७० सालच्या वर्तमानपत्राचे कात्रण ग्रंथालयात सापडले तर वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान आणि लेखाचे शीर्षक द्या, झाले. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत असे पुष्कळ पडून आहे आणि ते इंटरनेटवर कधी येईल याचा भरवसा नाही. मराठी माणूस या कामात काय भर घालू शकतो असे कोणी विचारले तर माझे उत्तर हेच. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद पुण्यात बसून होतो तसा शिकागोतही होतो. नागपूरच्या वाचनालयातले दिवाळी अंक मात्र नागपुरातच चाळावे लागतात.

काय चालत नाही तेही सांगते: व्हॉट्सॲपवर फिरणारे लेख, संस्थेच्या संकेतस्थळावरचा प्राध्यापकांचा परिचय, सत्कार समारंभाची पत्रिका, इतर भाषांतला विकिपीडिया. शेवटचे ऐकून लोक दचकतात. पण विकिपीडिया हा विकिपीडियाचा संदर्भ होऊ शकत नाही. तिथल्या तळटीपा उघडा, वाचा आणि त्या द्या.

संपादनाच्या पट्टीवर अवतरणचिन्हासारखे बटण असते. त्यात दुवा, आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) किंवा डीओआय (शोधनिबंधाचा क्रमांक) टाकला की पुष्कळदा लेखक-शीर्षक-वर्ष आपोआप भरले जाते. भरलेले डोळ्यांखालून घाला. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत लेखकाच्या जागी संकेतस्थळाचेच नाव येऊन बसते.

'पहिली'चा सापळा

'कमला सोहोनी या विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री.' हे वाक्य सगळीकडे आहे. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्ये डी.एससी. दिली होती. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये मानवशास्त्रातली डॉक्टरेट १९३० च्या सुमारास मिळवली. मानवशास्त्र विज्ञानात धरायचे की नाही यावर वाद घाला. रसायनशास्त्रज्ञ आसिमा चटर्जी यांच्यासमोरही 'पहिली' लागते: भारतीय विद्यापीठाची डी.एससी., कोलकाता, १९४४. आनंदी जोशी यांना १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळाली आणि त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या, म्हणून 'पहिली भारतीय स्त्री-डॉक्टर' या वाक्यावर बंगाली आणि मराठी माणसांचे एकमत होणे नाही.

उपाय सोपा आहे. 'पहिली' हा शब्द टाळा आणि पदवी, विषय, विद्यापीठ, वर्ष असे चार तपशील द्या. 'केंब्रिज विद्यापीठाने १९३९ मध्ये जीवरसायनशास्त्रातील संशोधनासाठी पीएच.डी. दिली.' हे वाक्य कोणीही खोडू शकत नाही. 'पहिली' लिहायचेच असेल तर ते कोण म्हणते तेही लिहा. याला दुसरेही कारण आहे. कोणतीतरी 'पहिली' ठरली तरच बाई उल्लेखाला पात्र, असे आपल्या मनात कुठेतरी बसले आहे. दुसरी, सातवी, चाळिसावी यांनीही काम केलेच की.

असाच एक फसवा शब्द 'डॉ.'. विकिपीडियावर तो शीर्षकात वापरत नाहीतच, पण मजकुरातही जपून. ॲना मणी (१९१८–२००१) यांना कित्येक लेखांत डॉ. मणी केलेले दिसते. त्यांनी बंगळुरूत केलेल्या कामावरचा प्रबंध १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे दिला, पण एम.एससी. नाही म्हणून विद्यापीठाने पदवी दिली नाही. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात आल्या. भारतात हवामानाची उपकरणे घडवण्याच्या कामात त्यांचे नाव अग्रभागी आहे, तेही डॉक्टरेटशिवाय. आपण आदराने लावलेला 'डॉ.' ही सगळी हकीकतच पुसून टाकतो.

लिहिताना

पहिले वाक्य साधे ठेवा. नाव, कंसात जन्म-मृत्यू, विषय, आणि लगेच मुख्य काम. 'कमल रणदिवे (जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे, मृत्यू २००१) या भारतीय जीववैज्ञानिक होत्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.' बघा, इथेही 'पहिली' आलीच. तिच्यापुढे भक्कम संदर्भ ठेवल्याशिवाय पुढे सरकायचे नाही. मग शिक्षण, मग संशोधन, मग संस्था (१९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्या पुढे होत्या, तिचे मुख्यालय वाशीला आहे), मग पुरस्कार (पद्मभूषण, १९८२). संशोधनाचा भाग सगळ्यांत मोठा हवा. आपल्याकडे तोच दोन ओळींचा असतो आणि सत्कारांची यादी पानभर.

हा भाग लिहिणे अवघड जाते, कारण त्यासाठी विज्ञान समजून घ्यावे लागते. सोहोनी यांनी वनस्पतींच्या ऊतींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले, हे लिहिले. पण सायटोक्रोम सी म्हणजे पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणारे प्रथिन, हे अर्धे वाक्य जोडले नाही तर वाचकाच्या हाती काय लागले? नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यावरचे त्यांचे काम तर मराठी वाचकाच्या ताटातलेच आहे, ते सविस्तर लिहा.

आता घरसंसाराचे. 'पतीच्या भक्कम पाठिंब्याने', 'संसार सांभाळून', 'दोन मुलांचे संगोपन करत' ही वाक्ये बोटांतून आपसूक उतरतात. तेच वाक्य पुरुषावर लावून बघायचे: 'सी. व्ही. रामन यांनी संसाराची जबाबदारी पेलत प्रकाशाच्या प्रकीर्णनावर संशोधन केले.' हसू आले ना? मग तुमच्या लेखातूनही ते काढा. हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २०१३ मध्ये रॉकेट-शास्त्रज्ञ इव्हॉन ब्रिल यांच्या मृत्युलेखाची सुरुवात न्यूयॉर्क टाइम्सने त्यांच्या हातच्या बीफ स्ट्रोगानॉफच्या तारिफेने केली होती. टीका झाल्यावर वाक्य बदलले. उपग्रह कक्षेत राखणारे इंधनतंत्र ज्यांनी शोधले, त्या आधी सुगरण.

याचा अर्थ खासगी आयुष्य वगळाच असा नव्हे. जिथे ते कामाशी गुंतले आहे तिथे हवेच. गोपाळरावांना वगळून आनंदीबाईंचा लेख होणार नाही. केवळ स्त्री म्हणून रामन यांनी कमला भागवतांना बंगळुरूच्या संस्थेत घ्यायला नकार दिला आणि त्यांनी नेट धरल्यावर अटी घालून घेतले, हा इतिहास आहे. तो लिहा, संदर्भासह, एका परिच्छेदात. पण आख्खा लेख रामन यांच्या वागणुकीवर खर्च झाला तर पुन्हा तेच झाले, बाईंच्या लेखात पुरुषाची गोष्ट.

भाषेच्या दोन गोष्टी. एक, आदरार्थी बहुवचन आणि आडनाव: 'सोहोनी यांनी'. एकाच परिच्छेदात पुरुषांना 'रामन यांनी' आणि बाईंना 'कमलाने' किंवा 'कमलाताईंनी' असे लिहिलेले मी कैकदा दुरुस्त केले आहे. दोन, 'या एक भारतीय शास्त्रज्ञ होत्या' यातला 'एक' इंग्रजीतून आला आहे, मराठीत त्याचे काही काम नाही.

यंत्राने केलेल्या भाषांतराबद्दल थोडे कडक बोलते. विकिपीडियाचे स्वतःचे भाषांतर-साधन आहे, सोयीचे आहे, पण यंत्राचा मजकूर जसाच्या तसा ठेवलात तर ते इशारा देते आणि फारच कच्चा असेल तर प्रकाशित करू देत नाही. ते योग्यच आहे. बाईंच्या मागे दोन मुलगे असा परिवार आहे, या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे 'ती दोन मुलांनी वाचली' झालेले मी स्वतः वाचले आहे. आणि इंग्रजीत शास्त्रज्ञ या शब्दाला लिंग नसल्यामुळे दोन-चार वाक्यांनंतर बाईचा 'तो' होतो. स्त्रियांची नोंद व्हावी म्हणून लिहायला बसायचे आणि लेखात त्यांनाच पुरुष करायचे, याला काय म्हणावे.

नाव आणि पुनर्निर्देशन

लेखाचे शीर्षक सर्वाधिक परिचित नावाने ठेवा. मग बाकीच्या प्रत्येक नावासाठी एक पुनर्निर्देशन पान (वाचकाला आपोआप मुख्य लेखाकडे नेणारे) करा: माहेरचे नाव, वेगळे शुद्धलेखन, दोन्ही प्रकारचा 'ॲ'. त्या पानावर एकच ओळ असते, #पुनर्निर्देशन लिहून पुढे दुहेरी चौकोनी कंसात मुख्य लेखाचे नाव. दोन मिनिटांचे काम आहे, पण सुरुवातीला म्हटले तसे तुटलेले आयुष्य जोडणारे काम हेच. शास्त्रज्ञांसाठीची माहितीचौकट (लेखाच्या कडेला ठळक तपशील दाखवणारी), योग्य वर्ग, आणि विकिडेटावर (सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांचा सामाईक माहितीसाठा) इतर भाषांतल्या लेखांशी जोडणी एवढे करा. विकिडेटावर 'इतर नावे' या रकान्यातही माहेरचे नाव घाला.

मग लेख अनाथ ठेवू नका. ज्या गावात जन्म, ज्या कॉलेजात शिक्षण, ज्या संस्थेत नोकरी, त्या लेखांतून इकडे दुवा द्या. गावांच्या लेखांत 'प्रसिद्ध व्यक्ती' असा विभाग असतो. एखादा उघडून पाहा, यादीत बायका किती आहेत ते.

फोटो

गूगलवर दिसला तो फोटो घ्यायचा नाही. वर्तमानपत्रातला नाही, संस्थेच्या संकेतस्थळावरचा नाही. विकिपीडियाची चित्रे जिथे ठेवतात त्या विकिमीडिया कॉमन्सवर फक्त मुक्त परवान्याची चित्रे चालतात, आणि फोटोचा हक्क सहसा ज्याने काढला त्याचा, फोटोत असलेल्या व्यक्तीचा नव्हे. कुटुंबाकडे जुना अल्बम असेल आणि छायाचित्रकारही घरचाच असेल तर परवानगीचा ईमेल विकिमीडियाच्या स्वयंसेवकांकडे पाठवता येतो. व्याख्यानाला गेलात तर वक्त्यांना विचारून स्वतः फोटो काढा आणि चढवा. फोटो नसला तर नसू दे, लेख थांबत नाही.

लेख उडाला तर

माझा उडाला तो चोप्य-पस्तेमुळे, म्हणजे कॉपी-पेस्टमुळे. विश्वकोशातली नोंद मी जवळजवळ जशीच्या तशी उतरवली होती आणि खाली विश्वकोशाचे नाव दिले म्हणजे झाले असे समजत होते. संदर्भ दिल्याने प्रताधिकाराचा भंग टळत नाही. वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि मग आपल्या शब्दांत लिहायचे. लेख काढण्याची सूचना लावणाऱ्या प्रचालकांवर (लेख काढण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांवर) मी तेव्हा चिडले होते, चर्चा पानावर तावातावाने लिहिलेही. ते आजही तिथे आहे, कारण विकिपीडियाचा इतिहास पुसत नाही.

काढून टाकण्याची सूचना लागली तर कोणी लेख काढायच्या आत चर्चा पानावर जा, कारण वाचा, नवा संदर्भ मिळाला असेल तर द्या. सूचना स्वतः खोडू नका. आणि हार-जीत समजू नका. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या जेस वेड यांनी २०१८ च्या आसपासपासून हजाराहून कितीतरी अधिक चरित्रलेख लिहिले आहेत. त्यांनी लिहिलेला क्लॅरिस फेल्प्स या अणुरसायनशास्त्रज्ञाचा लेख २०१९ मध्ये काढून टाकला गेला. वाद झाला, नवे संदर्भ आले, आणि २०२० मध्ये लेख परत आला. उडालेला मजकूर प्रचालकांना दिसतो. मागितला तर धूळपाटीवर परत मिळू शकतो.

दहा जणी मिळून बसणार असाल तर

११ फेब्रुवारीला विज्ञानातील महिला आणि मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन, ८ मार्चला महिला दिन. या महिनाभरात कॉलेजांना काहीतरी करायचेच असते, तेव्हा रांगोळी स्पर्धेऐवजी संपादनाची कार्यशाळा सुचवा. पण एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही: एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. तीस मुली संगणक कक्षात बसलेल्या, सातव्या मुलीपासून सगळ्यांना लाल अक्षरांत नकार, आणि पुढचा तास गोंधळात. खाती आदल्या दिवशी घरून उघडून आणायला सांगा. तरी चार जणी विसरतातच. त्यांच्यासाठी कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

संदर्भांची झेरॉक्स आधीच काढून ठेवा, प्रत्येकीला एक नाव आणि तिच्यावरची तीन कात्रणे. तीन तासांत तीस लेख होत नाहीत. पाच बरे लेख आणि वीस सुधारलेले लेख झाले तर कार्यशाळा छान झाली असे मी समजते. आकडा फुगवायला लिहिलेले दोन ओळींचे लेख नंतर कोणालातरी निस्तरावे लागतात, आणि तो 'कोणीतरी' बहुधा चावडीवर तुम्हाला मदत करणाराच असतो. निघताना सगळ्यांना आपापला लेख निरीक्षणसूचीत टाकायला लावा. लेखात कोणी काही बदलले तर त्यांना तिथे दिसेल. आणि पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघायला सांगा, पहिल्या परिच्छेदात कोणी 'थोर' घातले आहे का.